येणे बाकी

चौथ्या भागाचं शेवटचं वाक्य असं आहे:
विभानं दाराच्या चाकावर हात ठेवला, आणि पलीकडून कुणीतरी

बस. पूर्णविरामसुद्धा नाही.
पहिल्या महिन्यात सातजण भांडायला आले,
पान कुणी फाडलं म्हणून.
मी शिलाई दाखवली, पानं मोजून दाखवली,
औरंगाबादेहून दुसरी प्रत मागवली.
तिच्यातही कुणीतरी तिथंच थांबलेलं.

सेलूचं वाचनालय, कपाट क्रमांक सहा,
वरून दुसरा कप्पा:
'अकरावी कक्षा', भाग एक ते चार,
लेखक द. रा. बोरीकर,
राहणार म्हणे जिंतूरकडं कुठंतरी.
तीन कार्डं टाकली त्यांना.
एक परत आलं. शेरा: पत्ता अपुरा.
उरलेल्या दोनांचं काय झालं
ते टपालखात्याला आणि बोरीकरांना ठाऊक.

डिग्रसे वकील म्हणाले, हा सरळसरळ करारभंग.
वाचकानं चार भाग आपली बाजू पाळली,
आता समोरचा पक्षकारच गायब.
असं म्हणाले
आणि चौथा भाग पुन्हा घरी घेऊन गेले.

सुलोचना ढगे सिस्टरना शेवटाचं काही नाही.
त्यांना यानातल्या पाण्याचा हिशेब आवडतो.
घाम गाळून, श्वासातली वाफ गाळून
माणशी रोजचं पावणेतीन लिटर,
त्यातलं अर्धा तांब्या त्या एका तुळशीला.
'हा माणूस इकडलाच,' म्हणतात.
'आठव्या दिवशी नळ येणाऱ्या घरातलाच.
पुण्याच्या माणसाला तुळस आठवली असती,
अर्धा तांब्या नसता आठवला.'

किसन वाव्हळे, एसटी डेपो, रात्रपाळी.
पान दोनशे बाराच्या समासात शिसपेन्सिलीनं:
इथं आधी ग्यासकेट जाईल, व्हॉल्व्ह नाही.
मी पाच रुपये दंड केला.
त्यानं दहा दिले
आणि पान दोनशे चाळीसवरही लिहिलं.

ख्वाजामियाँ घड्याळवाले
एक दिवस कागद घेऊन आले,
दोन्ही बाजूंनी आकडेच आकडे.
'तिसऱ्या भागात लिव्हलंय, हवा चाळीस दिवसाची.
चौथा येऊन चौदा सालं झाली.
साब, हवा तो कब की खतम.'
मी म्हणालो, पुस्तकातली वेळ निराळी,
आपण मिटलं की ती थांबते.
त्यांनी कपाळावरचं भिंग काढून
शर्टाला पुसलं, उगाच, बराच वेळ.
'थांबतं ते घड्याळ, जी,' म्हणाले.

त्या रात्री कुलूप लावायच्या आधी
मी कपाट सहाला कान लावला.
हसू नका.
वाळवीसुद्धा आवाज करते, ऐकत राहिलं तर.

मग ही संघमित्रा. किसनची. नववीत.
एका वेळी दोनच पुस्तकं, हा नियम
तिनं चारी भाग छातीशी धरून मोडला.
अकराव्या दिवशी परत घेऊन आली, रागानं लाल.
मला वाटलं, आता ही पण दाराचंच विचारणार,
उत्तर तयार होतं माझ्याकडं, चौदा वर्षांत घासून गुळगुळीत झालेलं.

'दाम्याचं काय?' म्हणाली.
कोण दाम्या?
'यंत्रमानव. दुसऱ्या भागात
त्याला त्या चंद्रावर चार्जिंगला लावला
आन् हे सगळे निघून गेले.
विभा म्हनती, येतो आम्ही घ्यायला.
पुढं दोन भागात कुणी नावच काढत नाही त्याचं.
तुम्ही काहून नाही विचारलं त्या बोरीकरला?'

मी ही पुस्तकं पाच वेळा वाचलीत.
दुसरा भाग काढला, पान एकशे सत्तर.
होता.
हिरवा दिवा लागलेला, तोंड वाटेकडं.

वकिलांना फोन करावासा वाटला. नाही केला.
रजिस्टर काढलं.
तिथं माझ्याच जुन्या अक्षरात एक ओळ आहे,
भाग पाच : येणे बाकी.
तिच्याखाली, पोरीच्या समोर, लिहिलं,
दाम्या : येणे बाकी.

तिनं रजिस्टर स्वतःकडं वळवून
नीट वाचलं.
म्हणाली, 'तारीख टाका.'