कुत्र्याचं काय झालं

मालिका गुरुवारी रात्री लागते, अडीच तास,
म्हणून शुक्रवारी गिरेसुनच्या या शेडमध्ये
पट्टा सुरू होतो तेव्हा
सगळ्यांचे डोळे सुजलेले.
हेझलनट येत राहतात.
चांगलं पुढे, किडकं डावीकडे.
पोकळ मात्र बोटांनाच कळतं, बघून नाही.

गुलिझार म्हणते, कप्तान रिदवान मेला होता.
चाळिसाव्या भागात मी रडले,
अर्धी सोललेली मटाराची शेंग हातात धरून रडले.
आता एकशे बाराव्यात बंदरावर उतरतो
नवा कोट घालून,
म्हणे स्मृती गेली!
माझं रडणं परत करा म्हणावं.

येऊ दे की गं, शुक्रिये म्हणते,
नट देखणा आहे. त्यालाही पोट आहे.

नेझाहत हिशेबी.
तिच्या मते सून तळघरात कोंडली तिथेच कथा नासली,
पुढे नुसतं ताकात पाणी:
दाराकडे बघणारे चेहरे, मिनिट मिनिटभर,
वर व्हायोलिन.
तेवढ्यात मी जाऊन पीठ मळते,
येऊन बघते तर तोच चेहरा
आणि दार अजून उघडायचंच आहे.

हाजेर आमच्यात म्हातारी.
ती सत्ताविसाव्या भागाला थांबली.
लग्न लागलं, होडीवर दिवे लागले,
हिनं उठून टीव्ही बंद केला
आणि चहाचे पेले विसळले.
तिच्या लेखी ती दोघं अजून होडीवरच आहेत.
कुणी मेलं नाही, कुणी परत आलं नाही.
आम्ही तिला हसायचो.

एकदा मात्र बोलली,
हात न थांबवता, पट्ट्याकडेच बघत:
माझा गेला होता डुइसबर्गला, पोलादाच्या कारखान्यात.
तीन पत्रं आली, मग काही नाही.
नऊ वर्षांनी एका मंगळवारी दारात उभा.
तुमचा कप्तान काय करतो?
आईच्या पायाशी कोसळतो.
खोटं आहे ते.
परत आलेला माणूस आधी हात धुवायला जातो,
आणि नळ जिथे असायचा तिथली
भिंत चाचपत राहतो.
मी नळ हलवला होता, सहाव्या वर्षी.
कुठे ते सांगितलं नाही त्याला.
बराच वेळ नाही सांगितलं.

एक पोकळ माझ्यासमोरून गेलं तेव्हा.
मला कळलं होतं. मी उचललं नाही.

काल शेवटचा भाग झाला.
गल्लीत एक मोटर चालू नव्हती, एक मूल बाहेर नव्हतं.
कप्तानाला सगळं आठवलं, सून सुटली,
दुष्ट भाऊ जिन्यावरून पडला,
एकाच रात्रीत सगळं,
पाहुणे दारात आले की
पसारा पलंगाखाली ढकलावा तसं.

आज शेडमध्ये कुणी बोलेना.
दहा वाजता गुलिझारच म्हणाली,
हो, तीन वर्षं शिव्या देणारी गुलिझार,
की अजून चार भाग चालले असते.

मग टोकाकडून एमिने, ऑगस्टात लागलेली,
जिचा आवाज आम्ही धड ऐकलाही नव्हता:
पहिल्या भागात धक्क्यावर एक कुत्रा होता ना,
तांबूस, एक कान वाकडा.
कप्तान त्याला मासा टाकतो,
म्हणतो, थांब इथे, आलोच.
त्याचं काय झालं?

कुणालाच सांगता येईना.
नेझाहत म्हणाली, मधे लेखक बदलले.
शुक्रिये म्हणाली, कुत्र्यानं पैसे वाढवून मागितले असतील.
हसलो, पण थोडंच,
आणि प्रत्येक जण मनात तो धक्का शोधू लागली,
दोऱ्या, जाळी, बर्फाच्या पेट्या.
किडकी चांगल्यांत जाऊ लागली, मुकादम ओरडला.

हाजेरचे हात थांबलेले मी पहिल्यांदा पाहिले.
कोणता कान? तिनं विचारलं.

डावा, एमिने म्हणाली.