तेरीज

गणपती पेठेतल्या पेढीवर
अडतीस वर्षं एकच खुर्ची.
वेत तीनदा विणून घेतला,
बिल किरकोळ खर्चात टाकलं.

हळदीची धूळ आकड्यांवर बसते.
शून्यं आधी पिवळी पडतात,
का, ते अजून कळलेलं नाही.

सत्त्याऐंशीच्या मार्चअखेर
तेरीज ऐंशी पैशांनी चुकली.
दलीचंदशेठ म्हणाले, "चौगुले, सोडा,
माझ्या खिशातनं घ्या."
पैसे नको होते हो मला.
चूक हवी होती.

एकोणीसच्या पुरात
पाणी दुसऱ्या फळीला लागलं, तेव्हा
त्या सालची खतावणी डोक्यावरून नेली,
घरी पानापानावर इस्त्री फिरवली.
ही म्हणाली, माझे शालू भिजले तिकडं.

मग कॉम्प्युटर आला. बेरीज चुकेनाशी झाली.
नेमगोंडाच्या पोराकडं किल्ल्या दिल्या,
नारळ घेतला, सायकल काढली.
निरोपाच्या भाषणात
ऐंशी पैशांचं कुणी काढलं नाही.

काल बाजाराची यादी पहिल्यांदाच
मी लिहिली.
लिंबांपुढं बोट ठेवून
ही विचारते,
"अहो, हा एक आहे
का नऊ?"