बुडीत खातं

बाबांचं बँक स्टेटमेंट तपासताना
एका ओळीवर बोट अडलं:
सहा डॉलर एकोणपन्नास सेंट,
वाढीव वॉरंटी, फिश-फाइंडर.
पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्याही.
मागे सरकत गेले, चार वर्षं मागे,
हप्ता एकदाही चुकलेला नाही
आणि यंत्र घरात कुठेच नाही.

गॅरेज पाहिलं. बर्फ कोरायच्या गिरमिटामागे पाहिलं,
कॉफीच्या रिकाम्या डब्यांत, जिथे ते
नटबोल्ट आणि तुटके चष्मे ठेवतात.
शेवटी विचारलं. पायमोजे चढवता चढवता म्हणाले,
"ते होय? ते तळ्यात आहे. तळाशी.
लेस्टर नदीच्या मुखापासून दीड मैल,
खोली नव्वद फूट. शेवटचा आकडा
त्यानेच दाखवलेला."

म्हणजे पैसे पाण्यात! मी म्हटलं
आणि जीभ चावली.

मग तुकड्या-तुकड्यांत कळलं,
भांडी विसळताना, फावडं पुसताना:
उर्हो माकिनेन. खनिजाच्या धक्क्यावरचा जोडीदार,
युनियनच्या कुठल्याशा मतदानावरून
सव्वीस वर्षं ज्याच्याशी बोलणं नव्हतं.
दोघं एकमेकांना पाण्यात पाहायचे,
बर्फावरही तंबू शंभर पावलं लांब.
त्या मार्चमध्ये वारा फिरला, बर्फाला भेग गेली
आणि बाबांनी त्याला खरोखरच पाण्यात पाहिलं.
फक्त टोपी आणि दोन कोपरं.

पोटावर सरपटत गेले. एका हातात यंत्र
(वायरसकट; का, ते त्यांनाही सांगता येत नाही),
दुसऱ्या हातात उर्होची कॉलर.
"दोन्ही जड होती," म्हणाले.
"एक सोडलं."

करार वाचला मी. सात पानं, मुंगीएवढी अक्षरं.
बिघाड झाला तर नवं देतील.
हरवलं तर नाही. चोरीला गेलं तर नाही.
पाण्याने झालेलं नुकसान: नाही.
झीज, गंज, वय: नाही, नाही, नाही.
"हरवलंय कुठे?" बाबा म्हणाले,
"कुठे आहे ते मला ठाऊक आहे.
आणि बंद पडल्याची तक्रार अजून आलेली नाही."
खरंच, तिथे मासे शोधायला त्याला
काही फार कष्ट पडत नसणार.

आज पत्र आलंय: कार्डाची मुदत संपली,
नवा नंबर द्या, नाहीतर संरक्षण थांबेल.
मी लॅपटॉप उघडून बसले आहे,
बाण 'रद्द करा'वर.
त्याच्या वरच्या चौकटीत विचारलंय:
उपकरणाची सध्याची स्थिती?

बाहेर हॉर्न वाजतो. उर्हो.
एक्याऐंशी वर्षांचा, दोन्ही गुडघे बदललेले,
छातीत बॅटरी, डावा कान केव्हाच गेलेला,
कुठलीच कंपनी ज्याची हमी घेणार नाही
असा हा माणूस ट्रकच्या खिडकीतून ओरडतोय
की आमिषाचे मासे पुन्हा महागलेत
आणि रेइनोला चालायला अर्धा दिवस लागतो.
मतदानाचा विषय अजून मिटलेला नाही.
बाबा शिव्या घालत दुसरा बूट शोधतात.

"बाबा, हे चालू ठेवायचं?"
"का? काय झालंय त्याला?" म्हणतात,
खिडकीबाहेर बघत.

स्थिती: चालू.
पाकिटातून माझं कार्ड काढते.
मागचे तीन आकडे पुसट झालेत,
उजेडाकडे तिरकं धरावं लागतं.