तिकीट ४११७

वाडी नाक्यापलीकडं, ट्रान्सपोर्टच्या गोदामात,
पत्र्याखाली लांजेवार बाईंचं टेबल.
मे महिना. कूलर चालू,
टाकीत पाणी नाही म्हणून नुसता आवाज देतो.

"सोमवारपासून विचारूनच राहिलं जी," बाई म्हणाल्या,
"तू कोण, तू कोण. अन् मी सांगूनच राहिली.
आधी मेल विचारतो, मग ते चॅट विचारतं,
दोघं सख्खे भाऊ असल्यावानी.
एकोणसाठ वेळा टाकला पासवर्ड. मोजला मी."

खरंच मोजला होता. बिल्टीच्या पाठीवर रेघा,
पाच-पाचच्या जुड्या,
पोती मोजतात तशा.

मी नेहमीचं केलं. बंद केलं, चालू केलं.
कॅप्स लॉक पाहिला,
तेव्हा बाई जरा दुखावल्या.
घड्याळ पाहिलं: सात मिनिटं मागं.
सर्व्हर पाच मिनिटं माफ करतो, सात नाही.
घड्याळ लावलं.
खिडकी पुन्हा आली, तीच, पांढरी, मधोमध, नम्र:
कृपया साइन इन करा.

"गेटवरचा सुखदेव," बाई म्हणाल्या,
"माझ्या लुनाचा आवाज आला की साखळी काढते.
मान वर करत नाही. बावीस वर्षं झाली.
एक दिवस लेकाची गाडी आणली,
तर थांबवलं मले."

मग मी कंट्रोल पॅनेलच्या तळघरात उतरले,
जिथं यंत्र आठवणी ठेवतं.
मार्चमधला पासवर्ड होता, दिवाळीतला होता,
कंपनीचं नाव वेगळं होतं तेव्हाचाही एक.
अक्षरं दिसत नाहीत, नुसते ठिपके.
पण कळलं काय चाललंय ते:
बाई समोरून खरं उत्तर देत होत्या,
आणि त्यांच्या पाठीमागून यंत्र,
मदत म्हणून, त्यांच्याच नावानं,
जुनं उत्तर पुढं सरकवत होतं.

माझी आत्या अशीच.
लग्नघरात कुणी मला विचारलं, काय करतेस,
की माझ्याआधी तीच सांगते: बीएस्सी करून राहिली.
मला नोकरीला नऊ वर्षं झाली.

"हे सगळं पुसते," मी म्हटलं.
बाई ठिपक्यांकडं बघत राहिल्या.
"त्यात काही कामाचं तर नाही ना?"
नाही म्हटलं.
मला काय माहीत.

एकेक काढलं. दरवेळी यंत्र विचारी, नक्की?
दरवेळी मी हो.
मग बाईंनी पासवर्ड टाकला, एका बोटानं,
ओठ हलवत.
मी भिंतीवरच्या टायरच्या कॅलेंडरकडं पाहिलं;
कुणी न्हाणीघरात शिरताना पाठ फिरवावी
तशी ही आमच्या धंद्यातली रीत.

खिडकी आली नाही.
आम्ही वाट पाहिली. तरी आली नाही.
मग मेल पडायला लागले, दोनशे बारा,
चलनं, डिझेल, हरवलेल्या ताडपत्र्या,
आणि त्यात सोमवारचं एक, आमच्याच विभागाचं,
खाली माझं नाव:
साइन इन करताना अडचण आल्यास
याच पत्त्यावर मेल करावा.

बाई हसल्या नाहीत.
रेघांची बिल्टी घडी घालून
त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवली.

स्कूटरवर बसूनच मोबाइलवर तिकीट बंद केलं.
मूळ कारण, असा रकाना आहे.
यादीत नेटवर्क, हार्डवेअर, वापरकर्त्याची चूक.
यंत्राला जुनं फार नीट आठवत होतं,
हे लिहायला जागा नाही.
"इतर" निवडलं.

गेटवर सुखदेवनं वही पुढं केली.
नाव, कुणाकडं, किती वाजता.
महिन्यातून दोनदा येते मी इथं, सहा वर्षं.
वेळेच्या रकान्यात मी माझ्या घड्याळातली लिहिली.
त्यानं ती खोडली,
आणि त्याच्या घड्याळातली घातली.