मुदत

बेळगुंदीच्या दूध डेअरीतला कॉम्प्युटर
चेअरमनच्या पोराच्या लग्नाआधीचा;
त्या पोराची पोरगी आता चौथीत.
पहाटे करंट आला की तो उठतो,
हिशेबाची सर्व्हिस मात्र उठत नाही.
पडद्यावर एकच ओळ: ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही.

बाहेर कॅनची रांग.
फॅटचं यंत्र मोजून बसलंय, सांगणार कुणाला?
सातेरी वहीत पेन्सिलीनं लिहितोय,
म्हशीचं, गायीचं, ओल्या बोटांनी.

‘नवीनच घ्या’ म्हणणार होतो मी.
मग म्हटलं, एकदा हातानं चालवून बघू.
आणि भरमाण्णा मागून मोजायला लागला,
कुणी न सांगता: ओंदु, येरडू, मूरू.
तो जनावरं कन्नडात मोजतो, पैसे मराठीत.
कॉम्प्युटर त्यानं जनावरांत धरलेला.

तिसाला मी श्वास धरला,
विंडोज इथंच हात झटकते.
आत डिस्क करकरत राहिली.
साठ.
सत्तरच्या पुढं कुठंतरी चहा आला.
तोंबत्तनाल्कु, आणि पडद्यावर: चालू.

मेलेला नव्हताच.
‘येऊलोय, येऊलोय’ म्हणत होता,
विचारणारा तिसाव्या सेकंदाला उठून गेलेला.

भरमाण्णा म्हणाला,
“तालुक्याच्या खिडकीत साहेबानं नाव विचारलं.
मी अडखळतो रे, लहानपणापासनं.
भ वरच अडतंय.
भ, भ... तवर मागचा पुढं.”
आणि हसत कॅन सरकवायला गेला.

रजिस्ट्रीत खोल शिरून
मी एक नवी नोंद केली,
आकडा दशमानात आहे ना, दोनदा बघून.
तीस हजार मिलिसेकंद:
कुणीतरी लांब, चपळ मशिनीपुढं बसून ठरवलेली मुदत.
मी एक लाख वीस हजार लिहिले.
चौऱ्याण्णव सेकंद त्याचे हक्काचे,
वरचे सव्वीस डिसेंबरसाठी;
इथली थंडी डिस्कलाही चावते.

रिस्टार्ट.
सातेरीनं पेन्सिल कानावर ठेवली.
पस्तिसाव्या सेकंदाला काहीच झालं नाही,
म्हणजे कुणी हाकललं नाही.

मग प्रिंटर खाकरला.
पहिली पावती रुक्मव्वाची,
तीन लिटर दोनशे, फॅट साडेसहा.
तिनं ती बल्बसमोर धरली, उलटी केली,
आणि खिडकीत वाकून विचारलं,
“आणि कालची कुठाय?”