मतलईच्या दिवसांत

हर्णैच्या बंदराला लागून माझं दुकान:
तांडेलांचे वायरलेस, मासे दाखवणारे पडदे,
मिठाने खाल्लेली बटणं.
एरवी हवाच ओली, काळजी नसते.
पौषात मतलई सुटतो, ओठ फुटतात,
आणि बोटाच्या टोकावर काहीतरी येऊन बसतं.
दिसत नाही.

पहिल्या वर्षी एक बोर्ड असाच गेला.
धूर नाही, वास नाही.
मी सांगितलं, आणलात तेव्हाच गेलेला होता.

आता टेबलावर निळी रबरी चटई,
मनगटात पट्टा, वायर खिडकीतून बाहेर.
धर्मा पावसे येतो, अंगात नायलॉनचं जॅकेट,
हात सरळ उघड्या चिपकडे.
"थांबा. आधी चटईला हात लावा."
"पाया पडू काय तिच्या?" हसतो,
तरी लावतो, सगळा पंजा टेकवून.
त्या बोर्डाचे पैसे यानेच भरले होते.

वायर परसात उतरते,
जांभा फोडून पुरलेल्या तांब्याच्या सळीपाशी.
माती सुकू नये म्हणून रोज तांब्याभर पाणी ओतते.
तिथेच अबोली उगवलीय, आपली आपण.
शेजारीण म्हणते, किती गो जीव लावतेस झाडाला.
मी हो म्हणते.