उणे नऊ

नागदेवी स्ट्रीटवर स्टेनलेसचे बोल्ट वजनावर मिळतात.
दुकानदार विचारतो, कशाला, बोटीला?
मी म्हणते, आत काहीच ठेवायचं नाही, त्यासाठी.
तो दोन बोल्ट जास्त टाकतो, दयेनं बहुतेक.

चेंबर जोडलं साकीनाक्याच्या एका गाळ्यात
विल्फ्रेड डाबरेंनी.
शिवण आतल्या बाजूनं मारायची,
हे त्यांना सांगावं लागलं नाही.
जिताड्याच्या खवल्यांसारखी एकावर एक, न चुकता.
काच वर करून म्हणाले,
पाणी धरणारं भांडं मी डोळे मिटून करीन.
हवा बाहेर ठेवणारं म्हणजे, बाय,
तू समुद्रच उलटा आणून ठेवलास माझ्यापुढे.

मग माझी पाळी.
हातमोजे. बोटाचा एक ठसा आत राहिला
तर तो आठवडाभर बोलत राहतो.
तांब्याची कडी पोलादाच्या धारेवर बसते,
एकदाच. चुकली की भंगार.
बोल्ट आवळायचे समोरासमोरचे, थोडा हा, थोडा तो,
भावकीतल्या भांडणात मध्यस्थानं बोलावं तसे.

पंप लावला.
उणे तीन. उणे पाच. संध्याकाळी उणे सहा.
आणि तिथंच.
अकरा दिवस तिथंच.

हेलियमची नळी प्रत्येक सांध्याभोवती फिरवली,
देवळात धूप फिरवतात तशी.
डिटेक्टर गप्प.
कुठेच गळत नव्हतं आणि गळत होतं.

रविवारी डाबरे आले, मिसाचे कपडे अंगावर,
कॉलर ढिली करत. ड्रॉइंग उलटंसुलटं पाहिलं.
आतल्या स्टँडचे हे स्क्रू,
ह्यांची भोकं आरपार की बंद?
बंद, मी म्हटलं,
आणि म्हणता म्हणता खुर्चीवर बसले.

स्क्रूच्या टोकाखाली चिमूटभर हवा कोंडली होती.
बाहेरची नव्हतीच ती.
आट्याआट्यातून वाट काढत
थोडी थोडी येत होती, कामगार पगाराला येतो तशी नेमानं.
माझ्याच गाळ्यातली, डाबरे म्हणाले. मे महिन्यातली.
शेजारी सेपू भाजीचा डबा उघडला होता त्या दिवशी.

चार स्क्रूंना मधोमध अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडलं.
पुन्हा तांबं, पुन्हा बोल्ट.
चेंबरला हीटर गुंडाळले, वर फॉइलचे थर,
दीडशे अंशांवर तीन दिवस तीन रात्री,
कारण ह्या शहराचं पाणी पोलादालासुद्धा चिकटतं
आणि सांगून निघत नाही.

चौथ्या पहाटे, गार झाल्यावर: उणे नऊ.

फोन केला. झालं रिकामं? त्यांनी विचारलं.
जवळजवळ. साखरेच्या खड्याएवढ्या जागेत
अजून दोन-अडीच कोटी रेणू आहेत.
मग कसलं रिकामं, म्हणाले, ही तर मुंबईच.
पण डाबरे, ह्यातला एक कुलाब्याहून निघाला
तर तुमच्या वसईपर्यंत पोचेल
वाटेत दुसऱ्या एकालाही न लागता.
एकालाही?
एकालाही.

पलीकडे कोंबडा आरवला, कुणीतरी बादली ठेवली.
एकटाच की मग तो, ते म्हणाले.

मी वहीत तारीख घातली, आकडा लिहिला.
पंप चालूच होता.
तो आता बंद करता येत नाही.